रिकाम्या रकान्याची तार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हांला का सांगतोय, तेही धड कळत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी परळच्या एका गिरणीत, हजेरी खात्यात होतो. प्रत्येक कामगाराचं एक जाड कार्ड असायचं. त्यावरच्या रकान्यांत भोकं पाडायची, यंत्राने ती वाचून यादी छापायची. कुठल्या भोकावरून काय छापायचं, ते यंत्राच्या बोर्डात खोचलेल्या तारा ठरवायच्या. तारांचा नुसता गुंता झाला होता. साहेब म्हणाले, बिनकामाच्या शोध आणि काढ.

मला ते काम आवडलं — का लपवू? एकेक तार उपसायची, मागच्या आठवड्याची कार्डं पुन्हा चालवायची. यादी तीच आली, की तार टोपलीत.

आमचे जुने ऑपरेटर सामंतकाका वैतागले. "रकानो रिकामो दिसलो म्हणान तार काढतंस?"

"मग कशासाठी आहे, सांगा."

"माका आठवणा नाय. पण कोणीतरी लायली आसतली मां?"

"काका, ही काय तुमच्या परसातली वेल आहे, वाढू द्यायला?" खातं हसलं. तेही हसले.

ती एकाहत्तराव्या रकान्याची तार होती. कामगार इस्पितळात असला, की तिथे भोक पडायचं आणि यादीत त्याच्या नावापुढे 'रजा' उमटायचं. मी तपासलेल्या आठवड्यात इस्पितळात कुणीच नव्हतं. एवढंच.

मग लालबागेत गोळी चालली. सूतकताई खात्यातला तुकाराम घाग — मोर्च्यात नव्हता, दूध आणायला उतरला होता — मांडीत गोळी घेऊन इस्पितळात पडला. यादीत तो आला बिनरजेचा गैरहजर. नियमाप्रमाणे कायम कामगारांतून त्याचं नाव कमी झालं.

त्याची बायको खिडकीशी आली. "इस्पितळाची चिठ्ठी मी माझ्या हातानं दिली, भाऊ. पुन्हा बघा की."

मी त्याचं कार्ड काढलं. एकाहत्तराव्या रकान्यात भोक होतं. त्यातून पलीकडचं तिचं हिरवं लुगडं दिसत होतं. मी कार्ड परत ठेवलं आणि म्हणालो, "बाई, यंत्र चुकत नाही."

चिठ्ठी उशिरा पोचली असणार, असं साहेबांनी ठरवून टाकलं. मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तार गुपचूप परत खोचली — तार तेवढी. काय झालं असतं बोललो असतो तर? दोन ओळींचा खुलासा, थोडी बोलणी. बस.

अजूनही कुठलं कार्ड हातात आलं — रेशनचं, लग्नाच्या आमंत्रणाचं — की मी ते उजेडाला धरून पाहतो.

घाग लंगडत परतला तो बदली कामगार म्हणून. अठरा वर्षं कायम असलेला माणूस रोज सकाळी फाटकाशी रांगेत उभा राहायचा. कुणी आलं नाही तर त्याच्या जागी काम, नाहीतर घरी. मी त्याच फाटकातून आत जायचो. एकदा त्याने मला थांबवलं. आवाजात राग नव्हता.

"साहेब, तुम्ही यादीवाले ना? माझं नाव कशानं गेलं, एवढं सांगा. काम मिळो ना मिळो, नुसतं कळू दे."

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

तो "बरं" म्हणाला, आणि पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला.