ऊन पाठीशी घेणारा

सगळी आफ्रिका पालथी घालून एकाही फोटोत न सापडलेला माणूस माझ्या माहितीत एकच, आणि तो माझा मावसभाऊ आहे. चौदा सालच्या मोठ्या लढाईच्या तीन वर्षं आधी तो तिकडच्या रेल्वेत कारकून म्हणून गेला. नैरोबीत त्याची कचेरी होती म्हणतात. 'म्हणतात' अशासाठी, की कचेरीबद्दल त्यानं पत्रात कधी एक ओळ लिहिली नाही. त्याच्या लेखी आठवडा शनिवारी दुपारी सुरू व्हायचा आणि रविवारी संध्याकाळी संपायचा. मधले दिवस केवळ रोल धुऊन येईपर्यंत वाट पाहण्यासाठी असायचे. शनिवारी कचेरी सुटली की खोक्याचा कॅमेरा गळ्यात, स्टोव्ह पिशवीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी फडक्यात बांधून हा गृहस्थ मिळेल त्या गाडीनं निघायचा. कधी तळं, कधी धबधबा, कधी नुसतंच पुढचं स्टेशन. इकडे गावी, देवपुरात, आम्ही या सहलींना दीड दिवसाचा गणपती म्हणायचो.

फोटो माझ्या पत्त्यावर येत. मी शाळामास्तर, आणि माझी मावशी, म्हणजे त्याची आई, दोन घरं सोडून राहायची; तिला अक्षरओळख नव्हती. त्यामुळे पाकीट फोडणं, वाचून दाखवणं आणि तिच्या प्रश्नांना तोंड देणं ही तिन्ही कामं माझ्याकडे. फोटोंची तऱ्हा काय सांगावी. एका फोटोत जिराफाचे चार पाय आणि पोट होतं, मागे पेन्सिलीनं लिहिलेलं: 'मान वर आहे.' बर्फाच्या सुप्रसिद्ध डोंगराचा फोटो म्हणून आला त्यात शुद्ध ढग होता. मागे: 'याच्या पाठीमागे डोंगर. खात्रीनं आहे. सकाळी नऊ. वांग्याचं भरीत, मीठ कमी पडलं.' प्रत्येक फोटोमागे ठिकाण, वेळ आणि त्या दिवशीचं जेवण, एवढा मजकूर ठरलेला. जगातला एवढा मोठा धबधबा पाहून या माणसानं लिहावं काय, तर 'बरा आहे. आपल्या पांझरेच्या पुराचा आवाज याहून भरदार. ठेचा छान झाला.'

फोटोत तो स्वतः मात्र कधीच नसायचा, आणि याला कारण मावशी. मावशीचे यजमान चांगले धडधाकट होते. एका जत्रेत त्यांनी हौसेनं फोटो काढून घेतला आणि महिन्याच्या आत गेले. तोच फोटो हार घालून भिंतीवर लागला. तेव्हापासून मावशीच्या डोक्यात पक्कं बसलं, की फोटोत जो गेला तो भिंतीवर गेला. पोरगा बोटीवर चढायला निघाला तेव्हा तिनं दही-साखर नंतर दिली, आधी शपथ घातली: "तुन्हा फोटू काढू देऊ नको कोनले. मन्ही आन शे." आणि या पठ्ठ्यानं तिकडे जाऊन पहिल्या सहा महिन्यांत काय घेतलं, तर कॅमेरा. पण शपथ त्यानं अशी पाळली, की मित्रांच्या टोळीत नेहमी कॅमेऱ्यामागे हाच. कुणी फारच आग्रह केला तर म्हणे पोटात कळ येते असं सांगून खाली बसायचा.

आता त्या खोक्याच्या कॅमेऱ्याचा एक नियम असतो. ऊन पाठीशी घ्यायचं आणि खोकं पोटाशी धरायचं. हा सकाळ-संध्याकाळचा भटक्या. साहजिकच फोटो काढणाऱ्याची सावली समोरच्या जमिनीवर पडायची आणि थेट फोटोत जायची. तळ्याच्या एका फोटोत ती पहिल्यांदा आली. मी म्हटलं, फोटो बिघडला. मावशीनं तो माझ्या हातून घेतला आणि बराच वेळ पाहिला. शपथ मोडली की काय, याचा तिनं मनाशी नीट विचार केला असावा. मग म्हणाली, "सावली त पानीमा बी पडस. तिले काय व्हस?" झालं, निकाल लागला. मी तसं कळवलं, आणि त्या दिवसापासून जिराफाची मान सुटली तरी चालेल, पण सावली सुटायची नाही असा त्यानं नेम केला. मावशी तळ्यांकडे, डोंगरांकडे ढुंकून पाहत नसे. फोटो हातात आला की तिचं बोट सरळ खालच्या काठावर.

पण त्यातून काय एकेक भानगडी निघाल्या. दुसऱ्याच फोटोवर तिनं डोळ्याला पदर लावला. "डोकावर टोपली शे ना त्याना. वझं वाही ऱ्हायना का मन्हा आंडोर?" आपला आंडोर, म्हणजे मुलगा, ओझी वाहतोय हे तिनं कशावरून काढलं, मला आधी उमगेना. मग लक्षात आलं, ती त्याच्या सोला हॅटची, उन्हातल्या त्या रुंद काठाच्या टोपीची, सावली होती. कचेरीत कारकून म्हणून नेलं आणि तिकडे हमाल केलं, अशी तिची खात्री झालेली. मी तोंडानं सांगून सांगून थकलो. शेवटी पाटबंधाऱ्याच्या ओव्हरसियरची हॅट मागून आणली आणि भर सकाळी मावशीच्या अंगणात ती घालून, पोटाशी पोळपाट धरून उभा राहिलो. गल्लीतली बायामाणसं जमली. माझ्या सावलीवर टोपली उमटलेली पाहून मावशीचं समाधान झालं. माझ्या इभ्रतीचं काय झालं ते विचारू नका. पुढे कित्येक महिने शाळेत पोरं पोटाशी पाट्या धरून उभी राहत होती.

त्यानंतर संध्याकाळचा एक फोटो आला. सावली ही लांब, ताडासारखी. मावशी म्हणाली, "कितला सुकी गया." मी मास्तर ना, मी तिला तांब्या आणि कंदील घेऊन ऊन कललं की सावली का लांबते ते शास्त्रशुद्ध समजावून दिलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, त्याला तूप खायला लिही. मी लिहिलं. त्याच्याकडून पुढचे सगळे फोटो सकाळी साडेदहाचे यायला लागले. सावली बुटकी, गुटगुटीत. त्या वेळच्या उन्हात बाकीचा फोटो पांढरा पडायचा, पण मावशी खूश.

लढाई सुरू झाली आणि त्याच्या रजा बंद झाल्या. वर्षं जात राहिली. मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. फोटो ती आता नाकाशी धरून पाही. ती एकच गोष्ट सारखी बोलून दाखवायची, की डोळे आहेत तोवर त्याला उभा पाहायचंय. नंतर आला तर काय, आवाजच ऐकायचा. मी हो हो म्हणायचो. लढाईच्या शेवटच्या वर्षी सगळीकडे तापाची साथ होती, तेव्हा त्याचा एक फोटो आला. कसलंसं मैदान, चार झाडं, खाली सावली. मागे फक्त ठिकाण आणि वेळ. मावशीनं तो दोनदा नाकाशी नेला. मग म्हणाली, "हाऊ बसेल शे."

मी म्हटलं, साडेदहाची सावली बुटकीच असते.

"नही मास्तर. बसेल शे. तो बशी फोटू काढत नही. त्याले लिख, आते घर ये."

मी लिहिलं नाही. आजही मला याची लाज वाटते. परदेशी एकटा माणूस, रजा बंद, उगाच त्याच्या जिवाला घोर कशाला, असं मी माझ्या शहाणपणानं ठरवलं आणि लिहिलं, 'मावशी खुशाल आहे, तुझा फोटो आवडला.' मावशी मात्र दर आठ दिवसांनी विचारायची, लिहिलं ना? मी मान हलवायचो. तिसऱ्या महिन्यात मला तिच्याकडे बघवेना, तेव्हा कुठे मी खरं पत्र टाकलं: डोळे जाताहेत, ये.

लढाई संपली, रजा सुटल्या आणि पहिल्या बोटीनं तो आला. आदल्या दिवशी तार आली होती, पण मावशीला मी सांगितलं नव्हतं. गाड्यांचा त्या वेळी भरवसा नव्हता. मावशी अंगणात भिंतीकडे तोंड करून सुपात बाजरी निवडत बसली होती. तो तिच्या मागे येऊन उभा राहिला, सवयीप्रमाणे ऊन पाठीशी घेऊनच. सावली बरोबर तिच्या सुपात पडली. मावशीचा हात थांबला. तिनं मागे वळून पाहिलं नाही. म्हणाली, "ती टोपली काढ पहिले." मग सूप कलंडलं, बाजरी अंगणभर झाली, आणि दोघंही रडत असताना ती वेचायचं काम माझ्याकडे आलं. जेवताना त्यानं सांगितलं, तो मैदानातला फोटो काढला तेव्हा तो तीन आठवड्यांच्या तापातून नुकताच उठला होता. पायात उभं राहायचं बळ नव्हतं. पण सावली गेली नाही तर माय घाबरेल म्हणून खुर्ची बाहेर काढून घेतली. मी ताटातली भाकरी मोडत राहिलो.

परत जायची वेळ आली तेव्हा त्यानं एकच मागणं केलं. "माय, तुझा एक फोटो मला पाहिजे. तिकडं माझ्याजवळ तुझं काही नाही." मावशी काही केल्या ऐकेना. "माले भिंतवर जानं नही," एवढंच म्हणायची. त्यानं विनवलं, रुसून पाहिलं, एक वेळ जेवला नाही. शेवटी जायच्या दिवशी सकाळी मावशीच म्हणाली, चल नदीवर. पांझरेच्या ओल्या वाळूत त्यानं ऊन पाठीशी घेतलं, खोकं पोटाशी धरलं, आणि मावशी पदर डोक्यावरून नीट घेऊन त्याच्या शेजारी, अगदी दंडाला दंड लावून उभी राहिली. "आते काढ," ती म्हणाली.

दीड महिन्यानं तो फोटो आला. वाळू, थोडं पाणी, आणि खाली दोन सावल्या; एक टोपलीवाली, एक तिच्या खांद्याइतकी. मागे लिहिलं होतं: 'देवपूर. सकाळी आठ. मायच्या हातची कळण्याची भाकरी. मीठ बरोबर होतं.' मावशीला तेव्हा जेमतेम दिसत होतं. तिनं बोटानं चाचपल्यासारखं केलं. "हाऊ तो. आनि हाई मी." मग फोटो माझ्याकडे देत म्हणाली, "भिंतवर लाव. हार घालू नको."

मावशी पुढे बरीच वर्षं जगली. ती गेल्यावरही फोटो येत राहिले, माझ्याच नावानं. मी आता साठीला टेकलोय आणि फोटो आला की मीही डोंगर नंतर पाहतो. गेल्या पावसाळ्यात आलेल्या फोटोत एक सुंदर तळं होतं, आणि सावली खांद्यात वाकलेली. शेजारी उभी रेघ होती, ती काठीची. मी जास्त विचार केला नाही. त्याच दिवशी पत्र टाकलं, मावशीच्या शब्दांत, एका ओळीचं: 'आते घर ये.'

परवा उत्तर आलं. फोटोत मोंबासाचा धक्का, बोटीचं अर्धंच धुराडं, आणि खाली दगडी फरशीवर सावली, एका हाताला ट्रंक टेकवलेली. मागे लिहिलंय: 'सकाळी आठ. नुसता चहा. भाकरी तिकडे येऊन.'