आप्पा पोहायला शिकले

लग्न होऊन रोह्याला आले त्या संध्याकाळी त्या घरात माझ्याशी पहिलं बोलले ते माझे सासरे, आप्पा, आणि तेही गणपतीच्या सोंडेबद्दल. बायका ओटी भरत होत्या, मी मान खाली घालून बसले होते. आप्पा दारातूनच म्हणाले, "तुझ्या जोह्याला गनपती करतात ना गो? मग सोंड वाळताना तडकत कशी नाय?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मी मात्र हसले. सोंड सावलीत, हळूहळू वाळवावी लागते, असं सांगितलं. माहेरच्या कारखान्याबद्दल बोलता बोलता नव्या घराची धास्ती निघून गेली.

एवढ्यावर ते थांबणारे नव्हते. पुढच्याच महिन्यात माझ्याबरोबर जोह्याला आले आणि माझ्या वडिलांशेजारी दिवसभर माती मळत बसले. संध्याकाळी कोपरापर्यंत शाडू फासलेला, आणि हातात एक वाकडा उंदीर. जन्मभर भातगिरणीत राबलेला माणूस, शिक्षण चौथीपर्यंतचं. पण वायरमन खांबावर चढला की हे खाली उभे, कल्हईवाला आला की त्याच्या भात्यापाशी. "ठाऊक नाय म्हनायला कसली लाज?" ते म्हणायचे. "समोरच्याला सांगायला बरंच वाटतं."

एकच गोष्ट त्यांनी कधी कुणाला विचारली नव्हती, ती म्हणजे पोहायचं कसं. लहानपणापासून ते पाण्याला भीत. नदी दहा पावलांवर, तरी घरात कुणालाच पोहता येत नव्हतं. माझ्या नवऱ्याला, सुरेशला, त्यांनी लहानपणी घाटाच्या खालच्या पायरीवरही उतरू दिलं नव्हतं.

लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी, भादव्यात, सुरेश मित्रांबरोबर मासे धरायला गेला. शेवाळावरून पाय घसरला आणि मित्र धावेपर्यंत पाण्यानं त्याला ओढून नेलं. दुसऱ्या दिवशी सापडला, बराच खाली, खाडीच्या तोंडाशी.

त्यानंतर आप्पांनी विचारणंच सोडलं. गिरणीत जायचे, यायचे, ताटात पडेल ते खायचे. आमची मिनी तेव्हा चार वर्षांची. ती एकदा म्हणाली, "आजोबा, बाबा पाण्यात गेले, मग वर का नाय आले?" आप्पा भरल्या ताटावरून उठले. त्या घरात एखादा प्रश्न तसाच पडून राहिलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

पाऊस संपला, नदी उतरली. एका सकाळी चहा गार झाला तरी आप्पा आले नाहीत, म्हणून मी घाटावर गेले. पाण्यावर त्यांचं नुसतं डोकं दिसत होतं. माझ्या मनात नको ते आलं आणि मी किंचाळले. तेव्हा त्यांच्याशेजारी उभा असलेला धाकू दिसला. हा धाकू आमच्याकडे मासे घेऊन यायचा. त्याचा हात आप्पांच्या पोटाखाली होता.

"वयनी, घाबरू नका," तो ओरडला. "आप्पा पवायला शिकतायत."

थंडीनं आप्पांचे दात वाजत होते. म्हणाले, "मानूस बुडतो कसा, ते मला कळायला पायजे."

लोक म्हणाले, पोराच्या दुःखानं म्हातारा खुळावला. सासूबाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. आप्पा रोज जात राहिले. ओले कपडे स्वतःच पिळून वाळत घालायचे. थंडी सरता सरता त्यांना तरंगायला यायला लागलं. त्याच सुमारास एकदा ओटीवर मी तांदूळ निवडत असताना ते शेजारी येऊन बसले.

"घाबरून हात वर केले की तोंड खाली जातं," ते म्हणाले. "गप पाठीवर पडलं, तर पानीच धरून ठेवतं. सुरेशनं हात वर केले असनार. त्याला सांगनारं कोन होतं? मी. आनि मलाच ठाऊक नव्हतं."

मी सूप खाली ठेवलं. आम्ही दोघं त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकांसमोर रडलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मिनीला घाटावर न्यायचं काढलं. सासूबाई दार अडवून उभ्या राहिल्या. "एक गेला तो पुरे नाय झाला?"

"नदी काय हलनार हाय इथून?" आप्पा म्हणाले. "पोरीला तिच्याच काठावर वाढायचंय."

दोघंही माझ्याकडे पाहू लागली. मी आत जाऊन टॉवेल आणला आणि मिनीच्या खांद्यावर टाकला. सासूबाई दारातून बाजूला झाल्या, पण पुढं कित्येक महिने माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

पावसाळ्याआधी मिनी पोहायला लागली, मग आप्पांचा मोर्चा माझ्याकडे वळला. "आता तू काय शिकनार?" मी म्हटलं, आता कसलं शिकते? ते सरळ पेणला जाऊन दोन दवाखान्यांत विचारून आले, नर्सचं शिक्षण कुठं मिळतं, काय लागतं. मी बारावी झालेली होते. मिनीला घेऊन मी पेणला निघाले तेव्हा एसटीच्या खिडकीशी उभे राहून ते अभ्यासाचंच बोलत होते. गाडी हलली आणि त्यांचा चेहरा पडला. त्या घरात आता एकमेकांशी न बोलणारी दोन माणसं उरणार होती, हे मला तेव्हा दिसलं.

मिनी कॉलेजात असताना आप्पा गेले. छातीत कफ झाला आणि चार दिवसांत आटोपलं. मी पोचले तेव्हा शुद्ध नव्हती. नर्स म्हणून इतक्या लोकांचं उशापायथ्याशी बसून केलं, त्यांचं करायला मिळालं नाही.

अस्थी मिनीनं सोडाव्यात असं ठरलं. भटजी कुरकुरले, पण दुसरं होतं कोण? सुरेश गेल्यापासून सासूबाईंनी घाटावर पाऊल ठेवलं नव्हतं. त्या दिवशी माझा हात धरून शेवटच्या पायरीपर्यंत आल्या. मिनी कलश घेऊन पाण्यात शिरली आणि कमरेइतक्या पाण्यात थांबली. वळून आजीकडे बघत राहिली.

सासूबाईंची बोटं माझ्या मनगटात रुतली.

"तिथं नको गो," त्या म्हणाल्या. "आनखी पुढं जा. खोलात सोड."