नवापुरातलं पाच रुपयांचं सरबत

गेल्या रविवारी बोईसरजवळच्या नवापूरला कबड्डीचे सामने होते... आणि मी दिवसभर मैदानाच्या कडेला सरबत विकत होते.

सामने भारतीमावशींसाठी होते. बोईसरला आमच्या बिल्डिंगखाली कित्येक वर्षं मासे घेऊन बसणाऱ्या मावशी. गेल्या पावसाळ्यात रस्ता ओलांडताना टेम्पोची धडक बसली आणि उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. कृत्रिम पायासाठी मदत उभी करायची म्हणून आमच्या बिल्डिंगमधले काही जण आणि त्यांच्या गावचं, म्हणजे नवापूरचं, कबड्डी मंडळ, असं मिळून हे ठरलं.

सरबताचा स्टॉल माझ्याकडे. ग्लासाची किंमत मी ठेवली पाच रुपये. आमचा शेजारी मिलिंद म्हणाला, "चांगल्या कामासाठी आहे, वीस ठेव. लोक देतील." देतीलही... पण तीन पोरं घेऊन सामने बघायला आलेल्या बाईने काय करायचं? मी पाचावर अडून बसले.

कोकमाचं आगळ आणि लिंबाचा पाक मी घरून करून नेला होता. तिथे फक्त पाणी आणि बर्फ घालायचा. अकराच्या सुमाराला बर्फवाल्याचा फोन आला, गाडी बंद पडली, आज जमणार नाही.

मैदानावरच्या पिंपातलं पाणी तोपर्यंत चांगलंच तापलेलं. त्यातच केलं सरबत... पहिल्या बाईने एक घोट घेतला आणि ग्लास हळूच खाली ठेवला.

मिलिंद म्हणाला, "मी बोईसरहून थंड बाटल्या आणतो. वीस-वीसला विकू, सुटेल प्रश्न." खरं सांगते, मलाही तेव्हा तेच बरं वाटलं. उन्हात डोकं चालत नव्हतं.

मावशी स्टेजवर खुर्चीत होत्या. गळ्यात हार, मान खाली. सकाळपासून तशाच बसलेल्या. येणारे-जाणारे नमस्कार करायचे, पायाकडे बघायचे आणि पुढे जायचे. आमची धावपळ बघून त्या कुबड्या टेकत स्टॉलपाशी आल्या आणि काय झालं ते विचारलं. मी सांगितलं.

त्या मिलिंदला म्हणाल्या, "वीस रुपये हितं कोन देल? पोरं तहानलेली बसतील नि माझा पाय येल... तसला पाय मला नको."

मिलिंदने गाडीची किल्ली खिशात टाकली.

मावशींनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला, माझ्या स्टुलावर बसल्या आणि समोर बसलेल्या त्यांच्या शेजारणीला हाक मारली. "हिरा, घरचा माठ घेऊन ये. आपल्या आलीतल्या सगल्या घरांना सांग."

थोड्या वेळाने बघते तर बायका ओळीने येत होत्या. कमरेवर माठ, माठाला ओलं फडकं गुंडाळलेलं. कुणी हंडा आणलेला, कुणी कळशी. त्या पाण्यात मावशींनी आगळ घातलं, ढवळलं, चाखलं... "मीठ कमी हाय, बाय." आणि ढवळायचा डाव माझ्या हातात परत आलाच नाही.

मग रांग लागली. मावशी एकेकीला विचारत होत्या, तू कुणाची सून, तुझी सासू बरी हाय का, नवरा होडीवर गेला का. एका पंचांना दुसरा ग्लास देताना शिट्टी नीट वाजवायला सांगितलं. आमच्या बिल्डिंगखाली सकाळी ऐकू यायचा तो आवाज मी किती महिन्यांनी ऐकत होते. लोक आता त्यांच्या पायाकडे बघत नव्हते, ग्लास पुढे करत होते. कुणी पाच रुपये डब्यात टाकत होतं, कुणी पन्नासची नोट टाकून सुट्टे न घेताच जात होतं.

संध्याकाळी बायका आपापले माठ न्यायला आल्या. मी हिराताईंचे आभार मानले आणि सहज म्हटलं, "आता घरी जाऊन परत भरावे लागतील."

त्या म्हणाल्या, "आज पानी नाय. उद्या सकाली येल नलाला."

मला कळायला जरा वेळ लागला. म्हणजे ते साठवलेलं पाणी होतं... त्यांच्या घरचं, उद्या सकाळपर्यंत पुरवायचं पिण्याचं पाणी. मी विचारलं, "मग आता घरी काय पिणार?"

"हाय एका घरी हंडाभर. वाटून घेऊ." इतकंच बोलून त्या रिकामा माठ घेऊन निघाल्यासुद्धा.

मी तिथेच उभी. मावशींनी बाजूला झाकून ठेवलेला एक ग्लास माझ्यासमोर धरला. "तू सकालधरनं काय प्यायली नाय. घे."

घेतला. एक थेंबही ठेवला नाही.

पायाला पुरेल इतकी मदत जमली. पुढच्या आठवड्यात मावशी माप द्यायला जाणार आहेत, सोबत मी जातेय. पण रविवारपासून घरात नळ सोडला की त्या बायका आठवतात. बहुतेकींची नावंही मला माहीत नाहीत... त्या सगळ्यांची मी मनापासून ऋणी आहे.