खळ न लावलेली लोकर

अण्णा, आईने मला बैलगाडीत बसवलं तेव्हा तू, माझ्या सख्ख्या भावाने, मारल्याने माझा जबडा सुजला होता. मादन हिप्परग्याच्या वेशीपर्यंत ती गाडीमागे चालत आली आणि एवढंच म्हणाली, “जा बाय. सोलापुरात मावशी हाय. हितं आता कुनी मानसात ऱ्हायलं न्हाई.” तू कुऱ्हाड धुवायला आडावर गेला होतास.

आधी आपल्यावर काय गुदरलं ते मी विसरलेली नाही. निजामाचं राज्य डळमळलं तेव्हा त्याच्या बाजूची टोळी आली, तिने मेंढवाडा पेटवला. मेंढरं आत जळताना माणसासारखी ओरडत होती. अप्पा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून घोंगडं विणत बसले होते. आपल्या बापाला उठूही दिलं नाही, तिथेच ठेचलं. त्या टोळीत आपल्या गावचा एकही नव्हता. आणि राज्य पालटल्यावर तुम्ही सूड उगवलात कुणावर, तर जन्मभर आपली लोकर पिंजून देणाऱ्या कासीम मामूवर. मी तुझा हात धरला. तू दांड्याने माझं तोंड फोडलंस आणि मामूला त्याच्या बायकोसमोर तोडलंस. त्याबद्दल मी तुला आजही क्षमा करत नाही.

मावशीने मला बायकांच्या विणकामाच्या वर्गात घातलं. तिच्या घरी आधीच खाणारी तोंडं फार. शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, जिला यंत्र जमणार नाही तिची जागा दुसरीला. म्हणजे मला परत तुझ्या घरी.

स्वेटर विणायचं यंत्र म्हणजे टोकाला आकडी असलेल्या सुयांची लांब रांग, आणि तिच्यावरून हाताने सरकवायचा लोखंडी ठोकळा. मी पडले धनगराची पोर. आपल्यात चिंचोक्याची खळ दिल्याशिवाय लोकर मागावर चढत नाही. मी चिंचोके शिजवले, लडी खळीत भिजवली, कडकडीत वाळवली आणि मोठ्या ऐटीत यंत्राला लावली. ठोकळा मध्येच अडला. मी दातओठ खाऊन रेटला. सुया काडकाड मोडल्या, एक तळव्यात घुसली. मग माझा तोल गेला. रक्ताळल्या हाताने मी त्या लोखंडाला बुक्क्यांवर बुक्क्या घातल्या. मी यंत्राला मारत नव्हते, हे बाईंना कळलं असावं. त्यांनी मला ओढून खाली बसवलं. “अगं, घोंगडं ताठ लागतं. हे अंगाबरोबर वाकायला हवं,” एवढंच म्हणाल्या. जागा काढून घेतली नाही.

मग शिकले. छाती मोजायची, बगलेपाशी टाके घटवायचे, गळा दोन्ही बाजूंनी वेगवेगळा विणायचा. घोंगडं कुणीही पांघरावं. स्वेटरला मात्र डोळ्यांपुढे एक माणूस धरावा लागतो. पहिला स्वेटर मी अप्पांच्या मापाचा विणला. तो विकला गेला तेव्हा मला रडू आवरेना.

पुढे तू न्यायला आलास. “चल घरला. कामून हितं मरायलीस?”

मी विचारलं, “मामूच्या घराचं काय झालं?”

“पडकं हुतं. आपला गोठा घातलाय तितं.”

पाऊसपाणी सांगावं तसं सांगितलंस, आणि माझं मनगट पिरगाळलंस. मी कात्री उचलली. आजूबाजूच्या बायका यंत्रं सोडून उभ्या राहिल्या. तू शिव्या देत निघून गेलास.

आई गेल्याचं मला परक्या माणसाकडून कळलं. अजूनही बाजारात कुणी आपल्या गावच्या सुरात ‘व्हय’ म्हटलं की माझे पाय थबकतात, आणि गावाचा भयंकर रागही येतो. पण घर म्हणायचं तर ही भाड्याची खोली. इथे मी दाराकडे पाठ करून निर्धास्त विणायला बसते.