विहिरीत सापडलेला अकीक

सासऱ्यांनी तो दगड माझ्या हातात ठेवला तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला कुठलं राहवतंय! फुटलेला कातळ दिसला की मी स्कूटर थांबवतो, खिसे भरून गारगोट्या आणतो आणि नायगावच्या आमच्या बाल्कनीत छोट्या यंत्रावर त्या कापत, घासत बसतो. "घरात धोंडे, डोक्यातही धोंडे," बायको म्हणते.

हा दगड मात्र वेगळा. सांडोरच्या वाडीत विहीर खणताना सासऱ्यांना तरुणपणी सापडलेला. लिंबाएवढा अकीक, आत पोकळी आणि पोकळीत पाणी. कानाशी हलवला की बारीक डुचमळायचं. पुढे विहीर खारी झाली, केळी गेली, दगडातलं पाणी तेवढं उरलं. "आता कानाला ऐकू येत नाय, जावईबापू," ते म्हणाले. "डोळ्यांना दिसेल असं करा. पन पानी सांभाळा."

म्हणजे एका बाजूने दगडाची भिंत पातळ करायची. दोन दिवस मी शहाण्यासारखा वागलो. जरा घासायचं, पुसायचं, टॉर्चवर धरून बघायचं. तिसऱ्या दिवशी आत बुडबुडा सरकताना दिसला आणि मी चक्क नाचलो. बायको म्हणाली, "झालं ना? आता ठेव." छे! मला तो आणखी स्वच्छ दिसायला हवा होता. बूड टेकेना, हात थांबेना. एकदाच शेवटचं, म्हणून दगड पुन्हा चाकाला लावला.

चाकावर नळाचं पाणी ठिबकतच असतं. दगड ओला दिसला की पुसायचा, ही सवय. पुसला. त्याच जागी पुन्हा ओल आली. पुन्हा पुसला. चांगला तीनदा पुसला. मग टॉर्चवर धरला, तर आत काहीच हलेना. भिंतीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं.

चार दिवस नुसत्या येरझाऱ्या. इंजेक्शनच्या सुईने नळाचं पाणी आत भरून वर गोंद लावावा, असंही मनात आलं. स्वतःचीच लाज वाटली.

रविवारी सांडोरला गेलो. दगड सासऱ्यांच्या तळहातावर ठेवला आणि सगळं ओरडून सांगितलं, त्याशिवाय त्यांना ऐकू आलं नसतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते भोकावरून अंगठा फिरवत राहिले.

मग म्हणाले, "चाखलंत का? गोडं होतं?"

मी नकारार्थी मान हलवली. ज्याने पुसलं ते फडकंसुद्धा मी त्याच दिवशी धुऊन वाळत घातलं होतं.