गेळ टाकलेला डोह

खानापूर तालुक्यात मी जंगलखात्याचा गार्ड होतो, तेव्हाची गोष्ट. इंग्रज साहेबाचं राज्य होतं. राखीव जंगलात नदीकाठचं झाड तोडायला आणि पाण्यात विष घालायला कायद्यानं बंदी होती. उन्हाळ्यात मलप्रभा आटून तिचे डोह तेवढे उरत. माणसं आणि जनावरं, दोघंही त्यांवरच जगत. त्या दिवसांत माझा जीव सारखा टांगणीला लागलेला असे.

एका सकाळी गस्तीवर निघालो, तर पाणमांजराची मादी पिलाला मानेला धरून कातळावर चढताना दिसली. एक वर ठेवून दुसऱ्यासाठी परत खाली. असं मी कधी पाहिलं नव्हतं. पुढं वळणावर मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते, आणि कमरेइतक्या पाण्यात माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा टोपली घेऊन उभा होता. काठावर मासे गुंगवायच्या गेळफळांचा ठेचलेला चोथा पडला होता.

"दाजी, ह्ये काय केलासा?"

"जत्रा हाय न्हवं. पाव्हणं येणार. मासं नुसतं गुंगल्यात, लई इख न्हाय त्यात."

"खाली बाया पाणी भरत्यात, दाजी!"

त्यांच्या हातातली टोपली पाण्यात पडली. मी धावत सुटलो. खालच्या डोहावर आक्काच होती, भरलेली घागर डोक्यावर. ओरडून मी ती ओतायला लावली आणि दिवस कलेपर्यंत तिथंच बसून येईल तिला परत धाडत राहिलो. माझ्या आधी कुणी पाणी नेलं असेल तर? हा विचार काही केल्या जात नव्हता. कुणाला काही झालं नाही, हे नशीब.

संध्याकाळी आक्का चौकीवर आली.

"लिवणार हायस व्हय?"

"लिवावं लागंल, आक्का."

"मग माझ्या दारात येऊ नगंस."

मी रिपोर्ट लिहिला. दाजींच्या नावापाशी येऊन दोन कागद फाडले. तालुक्याच्या कोर्टात त्यांनी गुन्हा कबूल केला आणि आठ दिवसांची कैद भोगली. त्या उन्हाळ्यात पाणमांजरं पुन्हा दिसली नाहीत. मी रोज बघायला जात होतो.

दोन वर्षं भाऊबीजेचं बोलावणं आलं नाही. तिसऱ्या वर्षी दाजी स्वतःच न्यायला आले. वाटभर आम्ही भातपिकाचं बोललो. आक्कानं ओवाळलं, ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "लई वाळलास रं."