जावयाला दुधीची थालीपिठं

जावयाला कोणी दुपारचं उरलंसुरलं वाढतं का? आमच्याकडे तर जावई येणार म्हटलं की आधी मासळीबाजार गाठायचा, नारळ फोडायचा. पण त्या संध्याकाळी आमचे जावई पावस गावाहून न कळवता आले, आणि माझ्या ओट्यावर काय, तर सुका फडफडीत भात आणि कोणी न खाल्लेली दुधीची भाजी. पाणी सुटलेली, चव म्हणून नाही.

मुलगी पंधरवडाभर आमच्याकडे मांडवीलाच होती. नवऱ्याने तिला न विचारता बोटीवरची नोकरी धरली आणि तिला ते कळलं शेजारणीकडून. बोटीचा राग नव्हता हो, न विचारल्याचा होता. त्यांचा फोन उचलत नव्हती, नावही काढत नव्हती. परवा ते मुंबईला निघायचे होते. आता बोलणं झालं नाही, तर ते तिकडे समुद्रात, ही इथे, आणि मधे हा राग. मला तीच धास्ती.

जावई पडवीत बसले, हेल्मेट मांडीवर धरून. त्यांचा आवाज ऐकताच मुलगी आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. आमच्या ह्यांना काय बोलावं सुचेना. शेवटी म्हणाले, "पावसला पाणी कसं काय आहे यंदा?"

"आहे," जावई म्हणाले. झालं, संपलं बोलणं.

"जेवूनच जायचं हां," मी म्हटलं.

"नको आई. तिला भेटलो की निघतो."

बाजारात जावं, तर परत येईपर्यंत जावई निघून जायचे. मग मी लाज सोडली. भात परातीत घेऊन हाताने चांगला कुस्करला. ती पाणचट भाजी त्यातच ओतली, पिठाला वेगळं पाणी नको. तांदळाचं पीठ, मूठभर बेसन, मिरची, जिरं, कोथिंबीर. गोळा जमला. पण जावयाला नुसता दुधी कसा द्यायचा? फळीवरून सुक्या जवळ्याचा डबा काढला. कांद्यावर परतून घातला की कशालाही चव येते. झाकण उघडलं, तसा वास घरभर.

आतून आवाज आला, "आई, जवळा घालू नकोस. त्याच्या अंगावर उठतं."

मी डबा हातात धरून तशीच उभी. "अगं, मागच्या खेपेला दोनदा घेतला की त्यांनी."

"तुला नाही म्हणायची टाप आहे का त्याची? घरी जाऊन रात्रभर खाजवत बसला होता."

"रात्रभर नाही काही," पडवीतून जावई हळूच म्हणाले.

मी डब्याला झाकण लावलं. वाटलं, आता दाराला कडी लागणार. तर ती बाहेर आली, मला "सरक" म्हणाली आणि ओल्या फडक्यावर थालीपीठ थापायला लागली. पहिलं खरपूस झालं, तसं लोण्याचा गोळा ठेवून ताट स्वतःच घेऊन गेली. ताट घ्यायला त्यांनी हेल्मेट खाली ठेवलं. ती मात्र उभीच.

"किती महिने?"

"सहा म्हणालेत. पण नऊही होतात."

"हे मला आधी सांगायचं."

"तू नको म्हणशील म्हणून घाबरलो."

"म्हटलंच असतं. भांडलो असतो. पण शेजारणीकडून तर कळलं नसतं."

आमचे हे काहीतरी समजुतीचं बोलायला उठत होते. मी डोळे वटारले आणि त्यांना स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. दुसरं थालीपीठ त्यांच्याच पुढ्यात ठेवलं. बाहेर ती खाली बसली होती, जावयांच्या ताटातला तुकडा मोडत म्हणत होती, "मग आता मी नको म्हटलं तर?"

जावयांचं उत्तर मला ऐकू आलं नाही. मग आवाज चढले. हे माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, चढू देत, निदान दोघांचे आहेत.